जागा गिऱ्हाइकाची आहे: ॲप बनवणाऱ्यांना सांगोल्याहून खुलं पत्र

पुणे, बेंगळुरू, हैदराबाद आणि जिथं कुठं मोबाइलची ॲप तयार होतात तिथल्या इंजिनिअर, डिझायनर आणि त्यांच्या वरिष्ठ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

सांगोल्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. डिस्प्ले बदलणं, बॅटरी टाकणं, चार्जिंगची पिन बदलणं, सॉफ्टवेअर मारणं ही रोजची कामं. पण गेली सहा-सात वर्षं एका तक्रारीनं बाकी सगळ्या तक्रारींना मागं टाकलंय. गिऱ्हाईक धडधाकट फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, मोबाइल भरलाय म्हणतोय." दिवसाला असे आठ-दहा फोन येतात. बाजाराच्या दिवशी तर मोजत नाही.

तुमच्यातले कितीतरी जण सोलापूर, सांगली, धाराशिवकडचेच असणार. तुमचे आईवडील माझ्यासारख्याच एखाद्या दुकानदाराकडे फोन घेऊन जातात. म्हणून म्हटलं, आपल्या भाषेत लिहावं.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. जत तालुक्यातले एक मामा आले. माडग्याळ मेंढ्यांचा व्यवहार करतात. ही मेंढी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, हिचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं आणि नराच्या त्या बाकावर भाव ठरतो. मामांचा सगळा धंदा फोनवर. नराचा एका बाजूनं फोटो काढायचा, चालतानाचा व्हिडिओ काढायचा, कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचा आणि सौदा पटला की इसार मागवायचा. त्या दिवशी इसार येणार होता आणि पैशांचं ॲप उघडत नव्हतं. उघडलं की एकच पान यायचं, अपडेट करा. अपडेट दाबलं की जागा नाही. परत ॲपवर जावं तर पुन्हा तेच पान.

फोन ३२ जीबीचा. मी स्टोरेजचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. बारा जीबीच्या वर जागा फोनच्या स्वतःच्या सिस्टीमनं घेतलेली. मामा कधीमधी नातवाला दाखवायला उघडतात ते व्हिडिओचं ॲप पावणेदोन जीबीवर गेलेलं. खरेदीचं एक ॲप कंपनीकडूनच आलेलं, मामांनी ते एकदाही उघडलं नव्हतं, तरी त्याचं अपडेट येऊन बसलेलं. सिस्टीममधल्या ॲपचं अपडेट आलं की मूळ प्रत जागच्या जागी राहते आणि नवी प्रत गिऱ्हाइकाच्या जागेत येते. म्हणजे न वापरलेल्या ॲपच्या दोन प्रती. आणि ते पैशांचं ॲप! उतरवताना साठ-सत्तर एमबी दिसणारं, आता सहाशे ऐंशी एमबी.

सात जीबी गप्पांच्या ॲपमध्ये होते, ते तुमच्या माथी मारत नाही. शुभ सकाळ, शुभ रात्री, एकादशीची पांडुरंगाची चित्रं, सत्तावीस ग्रुप. हा आमचा दोष आहे आणि तो जगाला माहीत आहे. गुगलनं डिसेंबर २०१७ मध्ये फाइल्स गो नावाचं साफसफाईचं ॲप आणलं, त्यात अशी शुभेच्छांची चित्रं ओळखून काढून टाकायची सोय केली, कारण भारतातले फोन त्यांनीच तुंबत होते. मी ती सगळी साफ केली. दोन जीबी मोकळे झाले, पण अपडेट अर्ध्यात अडकून पुन्हा नापास होत राहिलं, म्हणून ॲप काढून नव्यानं टाकायचं ठरलं, आणि परत भरायला नको म्हणून आणखी जागा करायची होती. मी विचारलं, "मामा, काय काढू?"

ते थोडा वेळ स्क्रीनकडं बघत बसले. मग म्हणाले, "मेंढ्यांचं जुनं काढा."

ते जुनं म्हणजे दोन वर्षांचे व्हिडिओ होते. कोणता नर कोणत्या मेंढीचा, कधी जन्मला, कितीला गेला, हे सगळं त्या व्हिडिओंत बोलून ठेवलेलं. मामांना लिहिता येतं थोडंच, म्हणून ते बोलून ठेवायचे. ती त्यांची वंशावळीची वही होती. मी कार्डात घालू म्हटलं, तर त्या फोनला कार्डाचा कप्पाच नव्हता. दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो म्हटलं, तर पलीकडचा माणूस सारखा फोन करत होता आणि मामांना तेवढा धीर नव्हता. काढले. ॲप नव्यानं टाकलं. मग ॲप म्हणालं सिमची खात्री करायची, एसएमएस जाईल. एसएमएस जाईना, रिचार्ज संपलेलं. मी माझ्याकडून रिचार्ज मारलं. तोवर तासभर गेला होता आणि समोरच्यानं दुसऱ्याकडं इसार दिला होता.

या मामांसाठी हे पत्र लिहायला बसलो.

ॲप एवढी जागा का खातात हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, बाकीचेही वाचतील, म्हणून मला समजलं तसं मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

पहिली गोष्ट, प्ले स्टोअरवर दिसतो तो आकडा उतरवायचा असतो, राहायचा नसतो. कापसाची दाबून बांधलेली गाठ ट्रकमधून येते, ती सोडली की खोलीभर होते, तसं. ॲप फोनात आलं की उघडतं. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्याचा कोड फोनच्या प्रोसेसरला थेट कळेल अशा रूपात आधीच तयार करून ठेवला जाऊ लागला. त्यानं ॲप पटकन चालतं, पण त्या तयार रूपालाही जागा लागते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ नं त्यात शहाणपण आणलं आणि जो भाग माणूस जास्त वापरतो तेवढाच असा तयार ठेवायला सुरुवात केली. त्यावर मग ॲपनं साठवलेला माल येतो. बघितलेले व्हिडिओ, उघडलेली चित्रं, जुन्या नोंदी. सहाशे ऐंशीतला मोठा वाटा हाच होता.

दुसरी गोष्ट तयार माल, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला आयता कोड, ज्याला तुम्ही लायब्ररी म्हणता. जाहिरातीची लायब्ररी, नकाशाची, चॅटची, लॉगिनची, ॲप कुठं बंद पडलं ते कळवणारी, गिऱ्हाईक कुठं बोट लावतं ते मोजणारी. एका खिळ्यासाठी अख्खं हार्डवेअरचं दुकान घरात आणल्यासारखं आहे हे. शिवाय एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही चालवायची जी साधनं आहेत, त्यांचं इंजिन प्रत्येक ॲप आपापलं बरोबर आणतं. फोनात अशी सहा ॲप असली तर तेच इंजिन सहा वेळा. तुमचं काम लवकर होतं हे मला कळतं. पण त्या वाचलेल्या वेळाचं भाडं मामांच्या फोनातून जातं.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या वरच्या साहेबलोकांची. पैसे पाठवायला घेतलेल्या ॲपमध्ये आता कर्ज आहे, सोनं आहे, विमा, तिकिटं, खेळ, छोटे व्हिडिओ आहेत. मामांना त्यातलं एकच बटण लागतं.

माझा पुतण्या पंढरपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात बसतो. मी त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, काका, उघडूनच बघू की. मला तोवर माहीत नव्हतं की ॲप ज्या फाइलीतून फोनात येतं ती एपीके फाइल आतून साधी झिप, म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा असते. त्यानं एका कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून तिची फाइल उतरवली, नावातलं एपीके खोडून झिप लिहिलं आणि कॉम्प्युटरवर उघडली. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही रात्री साडेदहापर्यंत शटर अर्धं ओढून ते बघत बसलो.

लिब नावाच्या फोल्डरमध्ये चार फोल्डर. चार वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी तोच माल चार वेळा. माझ्या दुकानात येणाऱ्या फोनला त्यातला एक लागतो, बाकी तीन पडून. चित्रांच्या फोल्डरांत तेच चित्र पाच मापांत, लहान स्क्रीनपासून मोठ्या स्क्रीनपर्यंत. तीन जातींचे फॉन्ट. स्वागताच्या पानामागं फिरणारा अकरा एमबीचा व्हिडिओ. आणि एका फोल्डरमध्ये पणती पेटताना दाखवणारं ॲनिमेशन, त्याच्या नावात आधीच्या वर्षाचा आकडा. म्हणजे मागच्या दिवाळीची पणती अजून आत जळत होती. कुणीतरी ती लावली, दिवाळी झाली, काढायची कुणाच्या लक्षात राहिलं नाही. देशभरच्या फोनांत ती वर्षभर पडून आहे.

प्ले स्टोअरवरून घेतलं असतं तर चारातला एकच भाग आला असता, हेही पुतण्यानं सांगितलं. गुगलनं २०१८ मध्ये ॲप बंडलची पद्धत आणली आणि ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना ती सक्तीची केली. ज्या फोनला जे लागतं तेवढंच पोचवायचं. चांगली गोष्ट आहे, तिचं श्रेय दिलं पाहिजे. पण बंडल पणती काढत नाही. अकरा एमबीचा व्हिडिओही काढत नाही. ते माणसानं काढावं लागतं.

मग मी त्याला म्हटलं, भाषा कुठं ठेवतात बघ. चार भाषा होत्या. मराठी नव्हती. हे बघून मला जे वाटलं ते कसं लिहू? या कंपनीचे मराठी गिऱ्हाईक थोडेथोडके नसणार. पुतण्यानं कागदावर हिशोब केला. समजा ॲपमध्ये तीन हजार वाक्यं आहेत, एका वाक्यात सरासरी चाळीस अक्षरखुणा. देवनागरीची एक खूण साठवायला तीन बाइट लागतात. गुणाकार केला तर तीन लाख साठ हजार बाइट, म्हणजे साडेतीनशे केबीच्या आसपास. मामांच्या एका मेंढीचा एक फोटो तीन एमबीचा असतो. अख्खी मराठी त्या फोटोच्या आठव्या भागात बसते. पणतीला जागा झाली, मराठीला झाली नाही.

हा विषय एकट्या माझ्या दुकानाचा असता तर पत्र लिहिलं नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल परत केले होते, आठवत असेल. दोन जीबी रॅमचे ते फोन तापतात, अडकतात, अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर नीट चालत नाही आणि ते इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच महिन्यात राज्यात ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलच्या ॲपवर करायची पद्धत, सुरू झाली. तेव्हापासून दर खरिपाला शेतकरी माझ्याकडं येतात, ते ॲप उतरवून द्या म्हणतात, आणि फोनात जागा नसते. दोष त्या ॲपचा नाही. त्याच्या आधी येऊन ऐसपैस बसलेल्यांचा आहे. पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायचा असतो, मुदत ठरलेली असते, आणि माणूस बांधावरून माझ्या दुकानात येतो जागा करायला.

तुम्ही म्हणाल, आता १२८ जीबीचे फोन सगळीकडं मिळतात. मिळतात, मीही विकतो. पण घरात नवा फोन आला की तो मुलाकडं जातो, मुलाचा जुना सुनेकडं, तिचा आजोबांकडं. मी बॅटरी बदलून देतो आणि तो आणखी तीन वर्षं चालतो. तुमचं ॲप सगळ्यात शेवटी याच फोनात राहायला जातं. मेमरी काठोकाठ भरली की तो मंदही होतो, कारण नवं लिहायला चिपला आधी जुनं इकडचं तिकडं करावं लागतं. मग माणसाला वाटतं फोन म्हातारा झाला. खरं सांगायचं तर त्यात माझा फायदा आहे. भरलेला फोन म्हणजे मला काम, कधी नव्या फोनाची विक्री. तरीही मला हे पटत नाही. चांगला चालणारा फोन निव्वळ दाटी झाली म्हणून भंगारात जाताना बघवत नाही.

लहान ॲप करता येत नाही असं तर कुणी म्हणूच नये. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला त्याची अंगची मेमरी २५६ एमबी होती. प्ले स्टोअरवर एपीके फाइलला ५० एमबीची मर्यादा होती, ती २०१५ मध्ये १०० केली. त्याच वर्षी फेसबुक लाइट आलं, तेव्हा ते एक एमबीपेक्षाही लहान होतं. मी कितीतरी जणांच्या फोनात ते टाकून दिलंय आणि त्यांचं काही अडलं नाही. उबरनं २०१८ मध्ये भारतासाठी पाच एमबीच्या आतलं लाइट ॲप आणलं. हे सगळं तुमच्याच बिरादरीनं केलंय. पुढं अशा लहान ॲपपैकी काही बंद पडली. यूट्यूब गो ऑगस्ट २०२२ मध्ये गेलं, मेसेंजर लाइट २०२३ मध्ये. मोठ्या ॲपमध्ये सुधारणा झाल्या, आता लहानाची गरज उरली नाही, असं यूट्यूब गो बंद करताना सांगितलं गेलं. माझ्या काउंटरवर ती गरज अजून रोज येते.

आणि तुम्हाला हे दिसत नाही असंही नाही. ॲप बनवणाऱ्यांसाठी गुगलचं जे प्ले कन्सोल आहे त्यात ॲपच्या आकाराचं पान असतं, तुमच्या वापरकर्त्यांपैकी किती जणांच्या फोनात जागा संपत आलीय ते तिथं कळतं, असं पुतण्या म्हणाला. २०१७ मध्ये गुगलच्याच माणसांनी हिशोब मांडला होता की ॲप सहा एमबीनं वाढलं की ते उतरवून घेणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्यानं घटतं. म्हणजे तुमच्या धंद्यालाही हे परवडत नाही. मग हे होतं कसं? मला एकच उत्तर सुचतं. सर्व्हरवर जागा घेतली की कंपनीला बिल येतं, त्यामुळं तिथं एमबी-एमबीचा हिशोब होतो. आमच्या फोनातल्या जागेचं बिल कुणाकडंच येत नाही. मामांनी फोनचे पैसे मोजले तेव्हाच त्या जागेचेही मोजले होते. ती फुकट पडलेली गायरान जमीन नाही, कुणाच्या तरी मालकीचं दोन खणांचं घर आहे.

म्हणून काही मागणी आहे, आणि ती मी हक्कानं करतो.

साठवलेला माल जिथं ठेवायचा तिथं ठेवा. कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवला तर जागा कमी पडल्यावर फोन स्वतः तो काढू शकतो, मीही एका बटणात काढतो. पण तुमच्यातले बरेच जण तोच माल डेटात, म्हणजे लॉगिनसारख्या कायमच्या गोष्टींच्या साठ्यात ठेवतात. मग मला डेटा क्लिअर करावा लागतो आणि गिऱ्हाइकाचं लॉगिन जातं, पासवर्ड त्याला आठवत नसतो, ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. माझ्या दुकानातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. कॅशेलाही काही मर्यादा घाला. मागच्या महिन्यात एकदा बघितलेला व्हिडिओ आजही जपून कशाला ठेवायचा?

जे क्वचित लागतं ते मागितल्यावर येऊ द्या. कर्जाचं पान ज्याला उघडायचंय त्याच्याकडंच तो भाग उतरावा, अशी सोय गुगलनं दिलेली आहे. अपडेट सक्तीचं करण्याआधी फोनात तेवढी जागा आहे का बघा. नसेल तर जुन्या ॲपवर निदान त्या दिवसाचं पैसे घेण्याचं काम होऊ द्या. सुरक्षेचं काही गंभीर कारण असेल तर समजू शकतो, पण दर पंधरवड्याला गंभीर कारण नसतं. ज्या फोनना कार्डाचा कप्पा आहे तिथं ॲप कार्डावर जाऊ द्या. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१० पासून आहे, परवानगी तेवढी तुम्ही द्यायची असते. बँकेच्या ॲपला ती देऊ नका, ठीक आहे. खेळाला, बातम्यांना, खरेदीला द्यायला काय हरकत आहे? आणि ज्याला वर्षातून दोनदाच तुमच्याकडं यायचंय त्याला साधी वेबसाइट नीट चालू ठेवा, दर पानावर ॲप उतरवा म्हणून आडवं पडू नका.

मराठीचं वर लिहिलंच आहे. साडेतीनशे केबी.

मामा पुन्हा आले होते, संक्रांतीच्या सुमारास. आता ते नवे व्हिडिओ घेऊन दर महिन्याला माझ्याकडं येतात, मी ते पेनड्राइव्हवर घालून देतो. पेनड्राइव्ह त्यांनी करगोट्याला बांधलाय. जे गेलं त्यातलं तोंडपाठ होतं तेवढं त्यांनी पुन्हा बोलून ठेवलंय, पण सगळं आठवत नाही म्हणाले.

त्यांचा तो ३२ जीबीचा फोन आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुलानं त्यांना नवा घेऊन दिला आणि जुना त्यांनी माझ्याकडं ठेवला. मी तो रिसेट मारून, नवी बॅटरी टाकून चार्ज करून ठेवलाय. गावाकडं याल तेव्हा स्टँडसमोरच्या गल्लीत या, दुकान सकाळी नऊला उघडतं. तुम्ही बनवलेलं ॲप आपण त्यावर टाकू, आठवडाभर माझ्या दुकानातला पोरगा ते वापरेल, आणि पुढच्या बाजारी किती एमबी झालं ते बघू.

आपला,
सांगोल्यातला एक मोबाइल दुरुस्तीवाला